मागच्या भिंतीतलं दार

६ ऑक्टोबर, अकोला
सकाळच्या बसने अमरावतीहून आलो. केशवराव स्वतः स्टँडवर आले, बॅगही त्यांनीच उचलली. त्यांच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातलं कापसाचं गोदाम मला मंगल कार्यालय करून द्यायचं आहे. इमारत सुंदर आहे. दगडी भिंती, वर छत पेलणाऱ्या सागवानी कैच्या, भर दुपारी गारवा. आगीच्या भीतीने जुन्यांनी एकही खिडकी ठेवलेली नाही, दारही एकच. पौर्णिमा गेल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवलो. इथे बायको गेल्याचं कोणाला माहीत नाही, त्यामुळे सांत्वनही नाही. बरं आहे.

९ ऑक्टोबर
लग्नाच्या हॉलला एक दार चालत नाही. मागची भिंत फोडून दुसरं काढावंच लागेल. पण छताचा भार तिच्यावरच आहे. आधी लोखंडी आधार, मग दगड काढायचे. खडूने खुणा केल्या.

संध्याकाळी कुलूप लावण्याआधी केशवराव आत तोंड करून ओरडले, "कोनी हाय का?" पूर्वी मजूर कापसाच्या ढिगात झोपी जात. एक जण असाच कोंडून मेला, तेव्हापासूनची ही रीत. मला हसू आलं. "हसा, हसा! कापूस गेला, पन हाक माराले तोंड तर हाय नं आपल्याले? उद्यापासून तुमीच मारा हाक."

१२ ऑक्टोबर
हाक मारली. आतून उत्तर आलं, "थांबा, आलेच."

पौर्णिमाचा आवाज. घरातून निघताना ती हेच म्हणायची. कुलूप लावलं नाही. अंधार पडेपर्यंत दारात उभा राहिलो. कोणी आलं नाही.

१४ ऑक्टोबर
आजही तेच. भिंत फुटली तर आवाज निघून जाईल. मजुरांना सांगितलं, दगडाला हात लावायचा नाही. केशवराव भडकले. लग्नं लावायची आहेत की पुन्हा कापूस भरायचा आहे, म्हणाले. आधार कमी पडतात, असं खोटं सांगितलं. नातेवाइकांनी तेराव्याआधीच तिचं कपाट रिकामं केलं. एवढं तरी मला राहू द्या.

१६ ऑक्टोबर
झाडणाऱ्या मनकर्णाबाई काम सोडून गेल्या. दुपारी मी त्यांना गोदामाच्या आतून हाक मारली, असं म्हणाल्या. मी तेव्हा महानगरपालिकेत होतो. "तुमचाच आवाज व्हता, साहेब. अन् तुमी तं आता फाटकातून येऊन राहिले!"

तरी मी आत जाऊन तिची वाट बघणार.

१८ ऑक्टोबर
मजूर दिवाळीला गावी, धारणीला गेले. मी आत, मागच्या भिंतीशी, तिची वाट बघत. दारातून केशवरावांची हाक आली. मी तोंड उघडण्याआधी शेजारून कोणीतरी — माझ्या आवाजात —

"मी मागे बाहेर आहे. लावा कुलूप."

ओरडत दाराकडे धावलो, तोवर बाहेरून कुलूप लागलं होतं. केशवरावांची मोटारसायकल निघून गेली. फोन खोलीवर. दिवाळी होईपर्यंत कोणी —

ती नव्हतीच. एकदाही नव्हती.

विजेरीच्या उजेडात माझ्या खडूच्या खुणा दिसतात. दगड हलत नाही.

डबा दोघांचा आणला होता, तिचा आणि माझा. रुमाल पसरून एकटाच जेवायला बसलो. भाकर मोडली, झुणक्याला हात लावणार, तोच शेजारून दुसरा हात डब्यात आला —