पुडीत बांधलेली गोष्ट

अप्पा, काल मी एका कागदाचं पुस्तक केलं. कोरा कागद घ्यायचा, घड्या घालून आठ चौकटी पाडायच्या, मधोमध कात्रीनं एक चीर द्यायची आणि दुमडत आणायचा, की हातात चिमुकलं पुस्तक येतं. शिलाई नाही, डिंक नाही. माझी लेक याला झीन म्हणते. "आपणच लिहायचं, आपणच चित्रं काढायची, झेरॉक्स मारायची आणि वाटून टाकायची," असं तिनं मला समजावलं. रविवारी लातूरला दादाकडं सगळे जमणार आहेत, तिथं वाटायला तिला तुमच्यावर एक झीन हवं होतं. चित्रं तिची, मजकूर माझा. मी कागद समोर घेतला आणि सवयीनं आधी वरच्या कडेला मधोमध 'ॐ नमः शिवाय' लिहिलं. देवाच्या नावाशिवाय कागद सुरू करायचा नाही, हे तुम्हीच अंगी लावलेलं. घड्या घातल्यावर बघते तर काय, वरच्या रांगेतली पानं पुस्तकात उलटी होतात. देवाचं नाव पानांच्या पायथ्याशी गेलं, तेही डोक्यावर उभं आणि मधून दुभागलेलं. "आई, हे काय करून राहिलीस!" म्हणून पोरगी हसत सुटली. मला हसावं की कानाला हात लावावा तेच कळेना. तो कागद टाकायचाही धीर झाला नाही, देवघरात ठेवून दिला.

दुसऱ्या कागदावर पानं भराभर भरली. अहमदपूरचं आपलं किराणा दुकान, तुमची पांढरी टोपी, गिऱ्हाईक नसलं की गुडघ्यावर पुड्यांचे कागद फाडत बसणं. तुम्हाला कात्री लागायची नाही, घडीवर नख फिरवलं की कागद सरळ फाटायचा. शेवटच्या पानाशी मी अडले. तिथं मला शेळीची गोष्ट लिहायची होती, आणि ती नेमकी कशी लिहायची ते इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

शाळेच्या हस्तलिखितात बाईंनी माझी गोष्ट घेतली नव्हती, अक्षर कोंबडीचे पाय म्हणून. मग मी चिडून माझं स्वतःचं पुस्तक केलं. रद्दीतल्या एका बाजूनं कोऱ्या जाहिराती घेतल्या, पोती शिवायच्या दाभणानं सुतळी ओवली आणि औशाच्या एसटीत चढलेल्या शेळीची गोष्ट लिहिली. पहिल्या पानाच्या शेवटी कंडक्टर घंटी मारून गाडी थांबवतो आणि शेळीला म्हणतो, "उतर खाली." ते पुस्तक मी दुकानात रद्दीच्या ढिगावर विसरले. दुसऱ्या दिवशी पहिलं पान गायब. कुणाच्या तरी जिऱ्याची पुडी झाली होती. मी रडत स्वयंपाकघरात गेले, तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "रद्दीवर ठिवलं तर रद्दीच व्हनार की गं." तुमच्याकडं आले, तर तुम्ही मानसुद्धा वर केली नाही. "दुकानातला कागद दुकानाचा," एवढंच बोललात आणि उरलेलं पुस्तक खाली ठेवून घेतलंत. मला तुमचा फार राग आला होता, अप्पा.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी दुकानात बसलेली आहे. एक खेड्यातली मावशी येते, दुकानाच्या काठावर पिशवी टेकवते आणि विचारते, "सावकार, ती शेळी उतरली का न्हाई? माझ्या सुनंनं पुडीवरचं वाचून दावलं. लई जीव लागलाय बगा." तुम्ही हसत नाही, माझ्याकडं बघतही नाही. खाली हात घालून माझं पुस्तक काढता, उघडता, जरा थांबता, ओठ हलतात. मग नख फिरवून पान फाडता आणि त्यात तिचे शेंगदाणे बांधून देता. "ह्यात हाय पुढचं," म्हणता. असंच बाजारागणिक एकेक पान गेलं. मावशीची गोष्ट पुरी झाली आणि माझ्या हातात नुसती सुतळी राहिली. तुम्ही माझं पुस्तक फाडलंत की छापलंत, हे मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, अप्पा निजामाच्या काळातल्या उर्दू शाळेतले. मराठी पाटी वाचायची तर अक्षर अक्षर लावत बसायचे. तुझी शेळी कुठली वाचतात?"

"मग बरोबर पुढचं पान कसं दिलं?"

"वरचं फाडलं असंल. त्यात काय एवढं!"

"आणि ओठ हलत होते ते?"

"अगं, गिऱ्हाइकाला माल देताना ते नमः शिवाय म्हणायचे. इसरलीस का?"

नाही विसरले. म्हणूनच तर घोळ आहे. तुम्ही माझी अक्षरं लावत होता की देवाचं नाव घेत होता? तुम्ही उर्दू वाचायचात हे मला माहीत होतं, पण मराठी वाचता येत नसेल असं कधी मनातही आलं नाही. आणि येत नव्हतं, तर मग ते थांबणं कशासाठी होतं? दादाचं बोलणं पटतं, आणि फोन ठेवला की पटेनासं होतं. मला वाचणारं पहिलं माणूस तुम्ही की मावशीची सून, एवढंच मला कळायला हवं होतं. पुढं मी जे काही लिहिलं, ते तुम्हाला दाखवतेय असं समजूनच लिहिलं.

लेक पेन हातात घेऊन थांबली होती. "आजोबांनी वाचलं होतं का नव्हतं? एकच काय ते सांग, पान केवढंसं आहे." मी सांगितलं आणि तिनं शेळीच्या चित्राखाली लिहिलं : आईची गोष्ट सगळ्यात आधी आजोबांनी वाचली. आज सकाळी नांदेडच्या आमच्या गल्लीतून झेरॉक्सही होऊन आल्या. आता दादा रविवारी ते वाचेल आणि माझ्याकडं बघेल.

हे पत्र कुठं धाडायचं ते मला ठाऊक नाही, आणि मराठीत लिहिलंय, म्हणून पोचलं तरी काय, असंही वाटतं. ते वाक्य मी अंदाजानं सांगितलंय, अप्पा. तिकडं कुणी विचारलंच, तर हाव, वाचली म्हणा.