बाबांचं घड्याळ

रविवार, संध्याकाळ

आज बाबा मौद्याहून जेवायला आले होते. मी धरमपेठेत आयुर्वेदाच्या वर्गाला जाते, हे त्यांना कळलेलं. जेवण झाल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केला. "पाह्य बरं वं, माही नाडी."

आणि मी शहाणी! "जेवल्यावर नाडी पाहत नाहीत, बाबा. उपाशीपोटी पाहतात." कालपरवा शिकलेला नियम. त्यांनी हात मागे घेतला. या माणसाने याआधी कधी असा हात पुढे केला होता? नुसता धरला असता तर काय बिघडलं असतं?

ते गेले, घड्याळ इथेच राहिलं. फोन केला तर म्हणाले, "राहू दे. सकाळी पहिल्या बसनं येतो नं, उपाशीच."

मला नाडीतलं अजून काहीच कळत नाही.