आईचे घागरे

एल आल्तो,
८ ऑगस्ट

लाडके बासी,

बरी आहेस ना? तिकडे बुएनोस आयरेसला शिवणाच्या कारखान्यात हीटर लावलेत की अजून कुडकुडतच शिवताय? इथे हाडं गोठतायत. आमचं ठीक चाललंय.

आई गेल्यानंतरचं आठव्या दिवसाचं, तिच्या कपड्यांचं धुणं काल झालं. ओढ्याचं पाणी असं गार की बोटं बधिर झाली. आईच्या शेजारी बाजारात दुकान मांडणारी सेवेरामावशी आली होती. तू पाठवलेली शाल तिला दिली, फार रडली गं.

तू फोनवर तीनदा विचारलंस, आईला जाताना कुठला घागरा नेसवला, हिरवा की लग्नातला. मी दरवेळी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज छान येत होता, बासी.

एकही नाही नेसवला. माझा ऑफिसचा करडा स्कर्ट-कोट घातला. कमरेत बसेना म्हणून मागून उसवला. दोन्ही वेण्या सोडून अंबाडा बांधला. ऑफिसातले येणार होते ना! त्यांना मी इतकी वर्षं सांगत आलेय, आई निवृत्त शिक्षिका आहे म्हणून.

शिक्षिका! पहाटेच्या बर्फात गोठलेले बटाटे अनवाणी तुडवायची, वर्षभर टिकावेत म्हणून वाळवायची, पाठीवर पोतं घेऊन बाजार गाठायची. टाचांच्या भेगांत मेणबत्ती वितळवून ओतायची आणि म्हणायची, ‘पोरींनो, बघताय काय, पुस्तकं काढा.’ थंडी वाढली की आपल्याला घागऱ्याच्या घेराखाली घ्यायची. मी तिथेच पाढे शिकले. त्याच घागऱ्याची मला लाज वाटली. थू माझ्या जिनगानीवर!

सेवेरामावशी त्या दिवशी शवपेटीत डोकावली आणि मागे सरली. “अगं बाई, चुकीच्या घरात शिरले वाटतं,” म्हणाली. मी मान वर केली नाही.

काल ओढ्यावर तिने एकेक घागरा पिळून दगडावर पसरला. मग म्हणाली, “सगळे इथेच की गं! एकही नेला नाही बिचारीने. एवढी लांबची वाट, थंडी नाही वाजायची तिला?” मी हमसून हमसून रडले. तिने ओल्या हाताने माझं डोकं थोपटलं. मला वाटलं, चला, मन मोकळं झालं.

इथेच थांबणार होते. पण पुढचंही सांगते.

ओल्या घागऱ्यांचं गाठोडं पाठीवर बांधून आम्ही परतत होतो. शेजारी गाडी थांबली. ऑफिसातली शिमेना. “अगं निएवेस, हे काय? कुणाचे एवढे घागरे?”

आणि बासी, मी म्हटलं, “आमच्या मोलकरणीचे.”

शिमेना हसून गेली. माझ्या पाठीवरचं गाठोडं सोडून सेवेरामावशीने स्वतःच्या पाठीवर बांधलं आणि पुढे चालू लागली. एवढी म्हातारी बाई, पण मला मागून हाक मारवेना.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आई घरी जेवायला येईल, तिच्यासाठी पान मांडायचंय. रजा नाही म्हणू नकोस. तू ये, आणि तिला घरात तूच बोलाव. मी हाक मारली तर ती दारातच उभी राहील, आत येऊ का म्हणून विचारत.

तुझी थोरली,
जिला आईचं नाव लावायला तोंड नाही,
निएवेस