करडाच्या तापाचा डॉक्टर

४ मार्च, सोमवार

एका डॉक्टरच्या फोन नंबरची खरी किंमत: मुरलेल्या चीजच्या दोन ढेपा, एक पोसलेलं करडू, आणि अकरा वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही त्या आउसेन्सिओला गोड आवाजात 'कोंपाद्रे' म्हणणं. ढेपा पुन्हा होतील, करडूही होईल. तिसरी गोष्ट अजून घशात खुपतेय. माझ्या लेकाच्या बाप्तिस्म्यात तो मानलेला बाप झाला, म्हणून कोंपाद्रे. भर जत्रेत माझ्या चीजला खडू म्हणाला, म्हणून अबोला.

पण नायेलीसाठी काय वाटेल ते. नात. वय आठ. तीन आठवडे ताप. संध्याकाळी चढतो, चादर घामाने भिजते, सकाळी पोरगी हसत उठते. चार दिवसांपासून डावा पाय ओढते. औषधाच्या दुकानाशेजारचा डॉक्टर म्हणाला, डॉन निकानोर, हे माझ्या आवाक्यातलं नाही, लहान मुलांच्या संसर्गाचा तज्ज्ञ गाठा, सान लुइसला असेल एखादा. जाता जाता विचारलं, घरात कच्चं दूध पितं का कुणी?

हसलो. म्हटलं, दूध तापवायची स्टीलची टाकी या भागात पहिली कुणी आणली? सर्टिफिकेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. सगळं खरं तेच सांगितलं.

केसपेपरवर 'माहिती देणार' या रकान्यात माझं नाव. तो रकाना आमच्या घरात माझाच. मुलगा टेक्सासमध्ये छपरं घालतो, आणि सून ओदिलिया बोलायला लागली की डॉक्टर घड्याळ बघतो. माहिती द्यावी तर मीच.

(पहाटे धारा काढताना आम्ही आजोबा-नात पालोमा शेळीच्या कासेखाली एकेक पेला धरतो, त्याचा इथे संबंध नाही. ते दूध नव्हे, टॉनिक. विकायचं ते तापवून, घरच्या माणसाला धारोष्ण. पन्नास वर्षं पितोय, मला काय झालं? ओदिलियाला कच्चं दूध चालत नाही, म्हणून नायेलीने कुणाला न सांगण्याची करंगळी देऊन शपथ घेतली आहे. विषय संपला.)

७ मार्च, गुरुवार

कोंपाद्रेने काम केलं. म्हणाला, लहानांच्या तापातला राज्यातला पहिला माणूस आहे, तिथे माझं नाव सांग. ओदिलियाला म्हटलं, बघ, याला म्हणतात वशिला. रांग नाही, चिठ्ठी नाही.

दोन तास गाडी चालवली. पत्त्यावर पोचलो तर लेंड्यांचा वास. तज्ज्ञ गमबूट घालून बाहेर आला, गाडीच्या मागे डोकावला आणि म्हणाला, करडू कुठाय?

चूक माझी नाही. मी फोनवर म्हणालो होतो, माझ्या करडाला ताप येतोय. नायेलीला मी लाडाने करडूच म्हणतो. अकरा वर्षं झाली तरी आउसेन्सिओची अक्कल शेळीपलीकडे गेली नाही.

जनावरांचा डॉक्टर. माणूस बरा, पण आगाऊ. नायेलीला पेरू दिला. तिची चाल बघितली. मग मला गोठ्याआड नेऊन म्हणतो, मी चार पायांचा डॉक्टर, तरी विचारतो, शेळ्यांचं रक्त कधी तपासलंत? पोरगी कच्चं दूध पिते का? म्हटलं, आमच्याकडे टाकी आहे, सर्टिफिकेट आहे. तर म्हणतो, "सर्टिफिकेट टाकीला मिळालंय डॉन, पोरीला नाही."

ओदिलियाला सांगितलं, डॉक्टर रजेवर आहे. ती म्हणाली, बाबा, मग तो गमबुटातला कोण? म्हटलं, त्याचा माणूस.

११ मार्च, सोमवार. दुपार

आज खरा तज्ज्ञ मिळाला. काचेची इमारत, लिफ्टमध्ये संगीत. नाव कमावलेला माणूस. दारातच म्हणाला, पंधरा वर्षांच्या खालचं मी घेत नाही, मोठ्यांचा आहे मी. हरकत नाही, चुका होतात. पण पुढे म्हणाला, उभ्या उभ्या एक विचारू का? आणि तेच! कच्चं दूध!

सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचलेलं दिसतं.

ठराव: असा तज्ज्ञ शोधायचा जो हा प्रश्न विचारणार नाही.

१४ मार्च, गुरुवार

नायेलीला आज शाळेच्या पायऱ्या चढता आल्या नाहीत. मास्तरणीने निरोप पाठवला. उचलून घरी आणली. हलकी झालीय. वाटेत कानाशी लागून म्हणाली, "आबा, मी अजून कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही हं."

शाब्बास म्हणालो.

मग बराच वेळ टाकी पुसत बसलो. टाकी स्वच्छच होती.

ठराव: उद्यापासून पेला बंद. कारण काही नाही. सहज.

१५ मार्च, शुक्रवार

अर्धा पेला दिला. पाय दुखतो म्हणून खाटेवर नेऊन दिला. सवय एकदम मोडली तर पोरीच्या मनात नसती शंका यायची. प्यायली, ओठ पुसले, माझ्याकडे बघून हसली.

आजचं पान इथेच पुरे.

१८ मार्च, सोमवार

अपॉइंटमेंट मिळाली! उद्या नऊला, मुलांच्या सरकारी हॉस्पिटलात. तिथे खुद्द लहान मुलांच्या संसर्गाची डॉक्टरीण बसते. ओदिलियाने म्हणे गावच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेतली आणि तीन दिवस एकच नंबर फिरवत राहिली. फिरवला असेल. पण वरपर्यंत कुणाचं तरी नाव पोचल्याशिवाय इतक्या लवकर तारीख मिळत नाही. मी कुणाचं ते बोलत नाही.

भाषण तयार आहे: टाकी, सर्टिफिकेट, तापाचा तक्ता.

ठराव: दुधाचं विचारलं तर सांगायचं. थेट विचारलं तर. ओदिलिया खोलीबाहेर असताना थेट विचारलं तर.

२० मार्च, बुधवार

काल लिहवलं नाही.

डॉक्टरीण माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीएवढी. पायात खेळाचे बूट. आडनाव ब्रिसेन्यो. माझं भाषण पूर्ण ऐकलं, एक अक्षर लिहिलं नाही. मग विचारलं, मुलगी कच्चं दूध पिते का? थेट. ओदिलिया शेजारीच बसलेली.

"आमच्याकडे टाकी आहे," मी म्हणालो.

"टाकीचं नाही विचारलं," ती म्हणाली, आणि स्टूल फिरवून नायेलीसमोर बसली. सकाळी उठल्यावर आधी काय करतेस ग? नायेली म्हणाली, आबांबरोबर गोठ्यात जाते. आणि मग? नायेलीने माझ्याकडे बघितलं. "ते नाही सांगायचं. करंगळी दिलीय."

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "आजोबा, तिची करंगळी सोडवा."

चाळीस वर्षं बाजारात बोलतोय. पाठ फिरवलेलं गिऱ्हाईक एका शब्दात माघारी आणतो. काल भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं, ते वाचत बसलो. नळ उघडा. साबण लावा. बोटांच्या बेचक्यात चोळा.

नायेलीने माझी वाट पाहिली. खरंच पाहिली, बराच वेळ. मग स्वतःची करंगळी दुसऱ्या मुठीत धरली आणि सांगितलं, "पालोमाचं दूध. गरम गरम. ते फक्त घरच्यांना असतं, विकत नाही मिळत." अभिमानाने सांगितलं.

ओदिलिया परतताना मागच्या सीटवर बसली, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन. एकशे नव्वद किलोमीटर मी ड्रायव्हर.

मी सांगणारच होतो. (हे वाक्य खोडायचं आहे.)

२९ मार्च, शुक्रवार

रक्ताचा रिपोर्ट आला. माल्टा ताप. शेळीच्या कच्च्या दुधातून येतो. सहा आठवडे दोन औषधं, एक दिवसही चुकवायचा नाही. पाय पूर्ण सुधारेल, डॉक्टरीण म्हणते. आणखी महिनाभर उशीर झाला असता तर... म्हणाली, आणि औषधाची चिठ्ठी लिहायला लागली. मला रागावली नाही. रागावली असती तर निदान काही बोलता आलं असतं.

सोमवारी गमबूटवाला येणार, सगळ्या शेळ्यांचं रक्त घ्यायला. मीच फोन केला. नाव सांगितल्यावर म्हणाला, हो हो, करडूवाले.

ओदिलियाने औषधांच्या वेळांचा कागद स्वयंपाकघरात लावला. खिळा एकच होता. सर्टिफिकेट काढून कपाटावर ठेवलंय. तिने माझ्यापुढे ताट ठेवलं, भाकरी गरम होती, पण 'बाबा' म्हणून हाक आली नाही. दहा दिवस आलेली नाही.

संध्याकाळी चष्मा लावून हॉस्पिटलचा केसपेपर पहिल्यांदा नीट वाचला.

माहिती देणार: रुग्ण स्वतः. वय वर्षं आठ.