ओढ्याचा उतार

ताई,

सुट्टीत मुलांना आपल्या ओढ्यात डुंबायला आणते म्हणालीस. मी फोनवर "ये की!" म्हणालो आणि जीभ चावली.

ओढा आता काळा झालाय. वर फेस, आणि फेसाखाली काय ते विचारू नकोस. काठावरच्या शेतांत बाराशे फ्लॅट उभे राहिलेत. खिडकी उघडली की ओकारी येते. जाहिरातीच्या फलकावर मात्र पाणी अजून निळंशार! तुझी भावजय खूश आहे. लिफ्ट आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? इथल्या प्लंबिंगच्या कामातूनच आमचा फ्लॅट झाला.

बिल्डरने विचारलं होतं, "मैलापाणी काढायचं कुठं?" इंजिनिअर नकाशात डोकं घालून बसला होता. मीच शहाणपणा करून बोट दाखवलं. तुझी चप्पल वाहून गेली की मी काठाकाठाने धावत जाऊन पुलाखाली पकडायचो ना? तेव्हापासून तो उतार मला तोंडपाठ आहे.

पाइप मीच जोडला. थेंबभर गळती नाही म्हणून बिल्डरने माझी पाठ थोपटली.

हे पत्र मी टाकणार नाही. मुलांना सांगेन, ओढा आटला.

तुझी चप्पल पकडणारा,
धाकटा