अडवलेली खेप

प्रिय दादा,

मी तोफगोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस, म्हणून तू पाच वर्षं माझ्याशी बोलला नाहीस. "या पैशात किती शाळा झाल्या असत्या!" असं म्हणत आमच्या फाटकाशी फलक घेऊन उभा राहायचास. मी मनात म्हणायचे, "शस्त्रं जवळ असली की कुणी वाटेला जात नाही."

मग तुझाच मुलगा सैन्यात गेला, सीमेवर तोफेवर लागला. परवा तू फाटकाशी आलास, पण फलक न घेता. मान खाली घालून म्हणालास, "नीट तपासत जा गं." मला टोमणा मारायचा होता, पण तुझा चेहरा बघून नुसतं "हो" म्हणाले.

आज एका खेपेत दोन गोळे सदोष निघाले. असा गोळा तोफेतच फुटू शकतो. साहेब तडकले, "बाई, तिकडे चकमक पेटलीय! दोनासाठी पाचशे अडवता? करा सही." तरी मी खेप अडवली.

आता चार दिवस तुझ्या लेकाच्या तोफेला गोळे कमी पडतील. पाठवले असते तरी त्याच्याच जिवावर बेतणार होतं. हे तुला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून हे पत्र टाकणार नाही.

सीमेपलीकडच्या कारखान्यातही माझ्यासारखी कुणी तपासायला बसली असेल. तिने आज डोळेझाक करावी, म्हणून मी सकाळपासून देवाला हात जोडतेय. म्हणजे तिच्या भाच्याची तोफ फुटू दे, असंच ना रे?

तुझी,
धाकटी