माझ्या नाकातली गळती आणि उलटी गुंडाळलेली टेप

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (सध्या उताणा, पालथं व्हायला बंदी आहे). काल संध्याकाळी तपासणीचा निकाल आला. नाकातून गळतंय ती सर्दी नव्हे, मेंदूभोवतीचं पाणी आहे, असं डॉक्टरीणबाईंनी स्वतः खाटेशी येऊन सांगितलं. तुझे गुडघे कसे आहेत?

तीस वर्षं प्लंबर म्हणून लोकांच्या मोऱ्या कोरड्या केल्या आणि आता माझाच जॉइंट गळतोय. नाकातून दुर्बीण घालून कवटीच्या तळाची गाठ काढली, भोक मांडीच्या चरबीने बुजवलं. काम सफाईचं (मी खोदून खोदून विचारलं). पण गाठ मोठी, म्हणून भोक मोठं. ऑपरेशन चालू असतानाच पाणी जोरात आलेलं. त्यात माझं हे वजन. अशांचं ठिगळ सुटायची भीती जास्त, असं बाईंनी बजावलं होतं. शिंक तोंड उघडून द्यायची, कुंथायचं नाही, वाकायचं नाही. नऊ दिवस सगळं पाळलं.

दहाव्या दिवशी तुझ्या भावजयीने सिंकखालचा नळ दुरुस्त करायला दुसरा प्लंबर बोलावला. माझ्या घरात! ती बाजारात गेल्यावर मी नुसतं बघायला वाकलो. त्याने जॉइंटची गळती रोखायची टेप आट्यांच्या उलट्या दिशेने गुंडाळली होती, ताई. ते बघून तसाच सरळ कसा होणार? पाना घेतला, जोर लावला. नळ थांबला, नाक सुरू झालं.

आता पाठीत नळी घालून पाण्याचा दाब कमी करताहेत. बाईंनी हिच्यादेखत विचारलं, कुठे वाकला होतात का? मी नाही म्हणालो. पुन्हा उघडावं लागलं तर ते त्या वाकण्यामुळेच, ही रुखरुख पाठीतल्या नळीपेक्षा जास्त टोचते.

तुझा,
धाकटा

ता. क. : मान उचलायची नाही, म्हणून हे पत्र मी तोंडी सांगितलं. लिहून घेणारीने ‘पाना’ शब्दाशी पेन खाली ठेवलं होतं. मग उचललं. हिला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

ता. क. २ : ताई, हे माझं. यांना कागद दिसत नाही. सिंकखाली ओला पाना त्याच दिवशी सापडला होता, हे नाही म्हणाले तेव्हा बाईंना मी बाहेर गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, वाकण्याने भर पडली असेल, पण भोकच एवढं मोठं होतं की न वाकताही गळलं असतं. यांना एवढ्यात सांगत नाही, दोन दिवस त्या धास्तीने तरी गप पडून राहू देत. गुरुवारी सकाळी नऊला पाठीतली नळी बंद करून बघणार आहेत. नाक कोरडं राहिलं तर घरी, नाहीतर पुन्हा आत नेतील. ते मला एकटीने ऐकायचं नाही. आठलाच या.